गाय घ्यावी, पण रक्त तपासून

आम्ही कापडवाले थान उलगडून पाहिल्याखेरीज सौदा करीत नाही. वरची घडी उत्तम असली तरी आत डाग निघू शकतो. दुभत्या गायीच्या सौद्यात मात्र दात, कास आणि चाल पाहून हजारो रुपये मोजले जातात. रक्तात काय दडले आहे, हे सहसा कुणी विचारीत नाही.

गोचिडांमुळे पसरणारा ॲनाप्लाज्मोसिस हा असाच आतला डाग आहे. याचा जंतू सर अर्नोल्ड थायलर यांनी १९१० साली दक्षिण आफ्रिकेत ओळखला. तो तांबड्या रक्तपेशींत राहतो. ताप येतो, खाणे सुटते, दूध आटते, डोळ्यांची आतली बाजू फिकट वा पिवळी पडते. वासरांना त्रास थोडा होतो. तीन वर्षांवरील जनावर मात्र दगावू शकते.

खरे नुकसान यापुढचे आहे. बरी झालेली गायही जन्मभर जंतू बाळगू शकते. ती धडधाकट दिसते. पण गोचीड, चावऱ्या माश्या किंवा अनेक जनावरांना टोचलेली एकच सुई यांतून रोग गोठ्यात फिरतो. अशा गायीत जंतू इतके थोडे असतात की रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही ते बहुधा सापडत नाहीत.

इथे पी.सी.आर. तपासणी कामी येते. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या या पद्धतीत जंतूच्या डी.एन.ए.चा ठराविक तुकडा दर फेरीत दुप्पट होतो. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटी! दोन टप्प्यांच्या पी.सी.आर.ने एक मिलिलिटर रक्तातील अवघ्या ३० बाधित पेशीही ओळखता आल्या आहेत.

मात्र गाय तापाने फणफणत असेल तर या अहवालाची वाट पाहत बसू नये. तिथे रक्ताची काच उपयोगी पडते आणि पशुवैद्यकाने वेळीच दिलेले ऑक्सिटेट्रासायक्लिन जीव वाचवू शकते. पी.सी.आर.चा खरा फायदा खरेदीपूर्वी आहे. रक्त न गोठू देणाऱ्या नळीत नमुना घेऊन तो कुठे पाठवावा, हे सरकारी पशुवैद्यकाला विचारावे. अहवाल येईपर्यंत नवी गाय वेगळी बांधावी, गोचीड काढावेत, प्रत्येक जनावराला सुई नवी वापरावी.

तपासणीचा खर्च एकदाच होतो. रोगट गाय गोठ्यात आली तर मात्र तोटा एका गायीवर थांबत नाही.