मायनरचा रकाना

बारावीचा निकाल लागला की धार-देवासच्या मराठी घरांत दोन प्रश्नांवर बैठका बसतात. बीए, बीकॉम की बीएस्सी? गावातच शिकायचे की इंदूरला अप-डाऊन करायचे? एवढे ठरले की घर मोकळा श्वास घेते. ई-प्रवेशचा फॉर्म कियोस्कवाल्याकडे जातो आणि मेजरच्या खालचे रकाने, म्हणजे मायनर, इलेक्टिव्ह आणि व्होकेशनल, तो आपल्या सवयीने भरून देतो. मला काळजी वाटते ती या खालच्या रकान्यांची. पदवीनंतर कोणती दारे उघडी राहतील, ते बरेचसे तिथेच ठरते.

मध्य प्रदेशाने 2021-22 च्या सत्रापासून नवे शैक्षणिक धोरण पदवीला लागू केले. त्याआधी बीएस्सीचा विद्यार्थी भौतिक, रसायन, गणित असे तीन विषय सारख्या वजनाने तिन्ही वर्षे शिकत असे. बीएलाही तीनच विषय असत. आई-वडिलांच्या डोक्यात आजही तोच हिशेब आहे. नव्या रचनेत वर्षाला 40 श्रेयांक असतात. त्यांतला सर्वांत मोठा वाटा मेजरचा, आणि मग मायनर, इलेक्टिव्ह, व्होकेशनल, आधार पाठ्यक्रम व प्रकल्प. विषय सारख्या तोलाचे राहिले नाहीत, म्हणून दुसऱ्या क्रमांकावर काय लिहितो याला महत्त्व आले.

याचे उदाहरण देवासमध्येच आहे. बँक नोट प्रेसचे केंद्रीय विद्यालय तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. समजा, अशाच शाळेत सामाजिक शास्त्र शिकवायचे एखाद्या मुलीच्या मनात आहे. केंद्रीय विद्यालयांच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकपदासाठी इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांपैकी दोन विषय पदवीला लागतात, आणि त्यांत इतिहास किंवा भूगोल हवाच. तिने मेजर अर्थशास्त्र आणि मायनर समाजशास्त्र घेतले, तर पुढे बीएड करूनही ती या अटीत बसत नाही. मायनरमध्ये भूगोल असता तर अर्ज करता आला असता. गणिताच्या पदासाठी गणिताच्या जोडीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र आणि संख्याशास्त्र यांपैकी दोन विषय मागतात. शिक्षक व्हायचे डोक्यात असेल तर भरतीची जुनी जाहिरात फॉर्म भरण्याआधी वाचावी, बीएड झाल्यावर नव्हे.

मायनरचा दुसरा उपयोग फार कमी घरांना ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2024 मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा जो आराखडा दिला, त्यात एमए-एमएस्सीसाठी मेजर किंवा मायनर, यांपैकी कोणताही विषय पुढे नेण्याची मुभा आहे. अठराव्या वर्षी मुलाला वाणिज्य आवडते की इतिहास, हे त्याचे त्यालाच पुरते कळलेले नसते. ज्या विषयाबद्दल खरी ओढ आहे, पण ज्यावर घराचा भरवसा नाही, त्याला मायनरमध्ये जागा द्यावी असे मी घरोघरी सांगते. तीन वर्षांनी तो विषय हाताशी असतो.

आता कॉलेजकडे वळू. देवासचे श्री कृष्णाजीराव पवार शासकीय महाविद्यालय उज्जैनच्या विद्यापीठाशी संलग्न, तर धारचे महाराजा भोज महाविद्यालय इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाशी. उज्जैनचे विद्यापीठ 1957 चे, इंदूरचे 1964 चे. त्याआधी माळव्यातली कॉलेजे आग्रा विद्यापीठाच्या पदव्या देत. तेव्हाच्या मुलांना विद्यापीठ दूर होते, आजच्या मुलांना ते तासा-दोन तासांवर आहे. पण विद्यापीठाच्या यादीत विषय आहे म्हणून तो आपल्या कॉलेजात नीट शिकवला जाईलच असे नाही. विभागात कायम प्राध्यापक आहे की सगळा भार अतिथी विद्वानांवर आहे, प्रयोगशाळा उघडते का, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. घरून एखाद्या काकांनी किंवा आत्याने अर्धा दिवस काढून विभागात चक्कर मारली तर उत्तमच. शिकवायला माणूस नसेल तर त्या विषयाचे नाव कितीही भारदस्त असो, तो टाळावा. आवडीचा विषय कॉलेजात नसेल तर ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सरकारी मंचाचा मार्ग आहे. एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून घ्यायला नियमाने परवानगी आहे. आपले कॉलेज ते मान्य करते का, हे मात्र प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे.

प्रकल्पाच्या श्रेयांकांची तर मला सर्वांत जास्त हळहळ वाटते. बहुतेक मुले शेवटच्या आठवड्यात कुठूनतरी वीस पाने उतरवून फाईल जमा करतात, आणि तीही या जिल्ह्यांत! धार जिल्ह्यातल्या बाग या गावी छिपे, म्हणजे कापडावर ठसे छापणारे कारागीर, कापड हरड्यात बुडवतात, तुरटीने लाल आणि लोहाच्या क्षाराने काळा रंग धरवतात, धावड्याच्या फुलांसोबत अलिझरिनमध्ये उकळतात आणि बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात. तुरटीने लाल आणि लोहाने काळा का होतो, हा रसायनशास्त्राच्या मुलासाठी नेमका प्रश्न आहे. हे कापड कोण विकत घेते, किती नफा कुणाला मिळतो, हा वाणिज्याच्या मुलाचा. मांडूचे जुने तलाव आणि पाण्याचे मार्ग इतिहासवाल्यांची वाट पाहत आहेत. देवासला 1990 मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच जिल्ह्यात 2006 पासून शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत ‘रेवासागर’ तळी खणली. भूगोल मेजर आणि अर्थशास्त्र मायनर असलेल्या मुलीने टोंकखुर्दच्या चार गावांत जाऊन तळ्याचा खर्च, पिकांतला बदल आणि विहिरींची पातळी लिहून आणली, तर ती फाईल पुढच्या मुलाखतीत तिच्या बाजूने बोलेल.

ज्यांचा हात रंगात किंवा मातीत रमतो, त्यांनी धारच्या ललितकला महाविद्यालयाचाही विचार करावा. 1961 मध्ये पद्मश्री मिळालेले शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके याच गावात राहून काम करत होते.

आणि चौथे वर्ष. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, चौथ्या वर्षी ऑनर्स मिळते. संशोधनासह ऑनर्स हवे असेल तर आयोगाच्या 2022 च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या तीन वर्षांत 75 टक्के गुण लागतात. म्हणजे पहिल्या वर्षाचे गुणही मोजले जातात, मायनरचेही. आपल्या विषयात चौथे वर्ष त्या कॉलेजात चालते का, संशोधनाला मार्गदर्शक आहे का, हे सीएलसीची, म्हणजे कॉलेज पातळीवरच्या प्रवेशाची, फेरी सुरू होण्याआधी विभागप्रमुखांकडून जाणून घ्यावे.