फोन वाजतोय? वाजू दे!

सकाळची दहाची वेळ. तालुक्याच्या गावातला कुठलाही मुख्य रस्ता घ्या. स्कूटीवर एक ताई, तोंडाला ओढणी गच्च गुंडाळलेली आणि त्याच ओढणीत कानाशी खोचलेला मोबाईल. पायाशी भाजीची पिशवी, मागे दप्तर सांभाळत बसलेला मुलगा आणि ताईंचं बोलणं चालूच, "अहो, डबा ओट्यावरच ठेवलाय, बघा ना नीट!" हे दृश्य इतकं रोजचं झालंय, की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नाही. 'हात तर मोकळे आहेत ना,' असं म्हटलं की झालं.

पण मैत्रिणींनो, खरी गोम इथेच आहे. हात मोकळे असले तरी मन कुठे मोकळं असतं? ते डब्यापाशी गेलेलं असतं. डोळे रस्त्याकडे असतात, पण समोरचं दिसूनही मेंदूपर्यंत पोहोचत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की गाडी चालवताना मोबाईल वापरणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो. आणि फोन हातात न धरता, इअरफोन लावून बोललं तरी हा धोका फारसा कमी होत नाही. मागे बसलेली मैत्रीण बोलत असते, तेव्हा समोर ट्रक दिसला की तीही गप्प होते. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो बोलतच राहतो.

फोन हातात धरणं तर त्याहून वाईट. बिनगिअरच्या स्कूटरला मागचा ब्रेक डाव्या मुठीत असतो. त्याच हातात फोन असेल, तर ऐनवेळी ब्रेक कोण दाबणार? आणि मेसेज वाचणं? साधा हिशेब करा. ताशी 36 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 10 मीटर पुढे जाते. 'कोणाचा मेसेज आहे बघू जरा' म्हणून पाच सेकंद नजर खाली गेली, तर 50 मीटर रस्ता आपण न बघताच कापला. तेवढ्यात पुढची रिक्षा थांबते, कुत्रं आडवं येतं, एखादं पोर चेंडूमागे धावत येतं.

मग कळत असूनही आपण फोन का उचलतो? हौस म्हणून नक्कीच नाही. बाईने फोन उचलला नाही, की लगेच चौकशी सुरू होते. "कुठे होतीस? फोन का नाही घेतलास?" सासूबाईंचं औषध, शाळेचा निरोप, नवऱ्याची हरवलेली फाईल, सगळ्यांचं उत्तर तिच्याकडे आणि तेही त्याच क्षणी हवं. ही सवय एकट्या तिची नाही, अख्ख्या घराची आहे. म्हणून ती मोडायचीही सगळ्यांनी मिळून.

घरात एकदा स्पष्ट सांगून टाका, 'मी गाडीवर असताना फोन घेणार नाही. पोहोचले की मीच करेन.' निघण्यापूर्वी एक फोन किंवा मेसेज करायचा, मग फोन सायलेंट करून पर्समध्ये, पर्स डिकीत. आवाजच आला नाही तर मोहही होत नाही. बऱ्याच नव्या फोनमध्ये गाडी चालवताना कॉल शांत ठेवण्याची सोय असते. ती कशी सुरू करायची, हे घरातल्या कॉलेजकन्येला विचारा, दोन मिनिटांत करून देईल. फारच तातडीचं असेल तर गाडी कडेला घ्या. वळणावर किंवा पुलावर नको, मोकळी जागा बघून. गाडी बंद करा, स्टँडला लावा आणि मग बोला. मागे कुणी बसलं असेल तर फोन त्यांच्याकडे द्या.

आणि फोन करणाऱ्या आपणसुद्धा असतोच की! मुलगी क्लासहून निघाली, हे परत यायला मोटरसायकलवर बसले, की आपला जीव खालीवर होतो आणि आपण नंबर फिरवतो, "कुठवर आलात?" काळजीपोटी केलेला हा फोनच त्यांचं लक्ष रस्त्यावरून उडवतो. पलीकडून गाडीचा आवाज आला, की "पोहोचल्यावर बोलू" म्हणून लगेच फोन ठेवायचा. काळजी घेण्याची ही रीत जरा अवघड आहे, पण खरी आहे.

कायदाही आता कडक आहे, बरं का. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं 'धोकादायक वाहन चालवणं' या कलमात येतं. पहिल्याच गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला 2020 पासून नियमांत मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नसेल तरच.

अर्थात दंड भरून निभावलं, तर ते स्वस्तातच सुटलं म्हणायचं. चुकलेला फोन घरी पोहोचल्यावर परत लावता येतो, त्याला एक मिनिट पुरतं. उद्या सकाळी किल्ली फिरवण्याआधी फोन डिकीत टाका. चार दिवस घरच्यांची कुरकुर होईल, पाचव्या दिवशी त्यांनाही सवय होईल.