दारावर न भेटणारा मतदार

मतांच्या टक्केवारीवरून जागांचा आकडा कसा काढतात, हा विषय या आठवड्यात घ्यायचा ठरला होता. तो लांबणीवर पडला आहे, कारण नवी मुंबईतल्या दिघ्याच्या एका वाचकाच्या प्रश्नाला आधी उत्तर द्यायला हवं. त्यांचं म्हणणं असं, की दर निवडणुकीला वाहिन्यांवर राज्याचा कौल सांगतात, पण आमच्या इलठणपाड्यात आजवर कोणालाच कोणी विचारलेलं नाही. मग हा कौल नेमका कोणाचा?

पहिलं उत्तर निव्वळ गणिताचं. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि एक लाखाहून थोडी जास्त मतदान केंद्रं. दहा हजार जणांची चाचणी घेतली तरी वाट्याला येतो ९,७०० मतदारांमागे एक. त्यासाठी शंभर केंद्रं निवडली, तर २८८पैकी किमान १८८ मतदारसंघांत चाचणीवाल्यांचं पाऊलही पडत नाही. दिघा ज्यात येतो, तो ऐरोली मतदारसंघ त्या १८८मध्ये असण्याचीच शक्यता अधिक.

यात काही काळंबेरं नाही. हजार माणसं खरोखरच सोडत काढल्यासारखी निवडली, तर टक्केवारीत साधारण तीन टक्क्यांची चूक गृहीत धरावी लागते, आणि राज्य केवढं मोठं आहे याने त्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. खरी अडचण सुरू होते ती पुढे. यादीतून नाव निघालं, पण माणूस भेटला का?

ते पाहण्याआधी शिस्तीच्या पाहणीची पद्धत समजून घेऊ. दिल्लीची सीएसडीएस ही संस्था रजनी कोठारींनी १९६३मध्ये उभी केली. १९६७पासून तिने मतदारांच्या देशव्यापी पाहण्या केल्या. तिच्याच ‘लोकनीती’ कार्यक्रमाशी पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर यांचं नाव दीर्घकाळ जोडलेलं आहे. या मंडळींची पद्धत शिस्तीची. आधी मतदारसंघ, मग केंद्रं, मग त्या केंद्राच्या मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं. कार्यकर्ता त्या नावाच्या माणसाला घरी जाऊन भेटतो. मत कोणाला, हे तोंडी विचारत नाही. पक्षांची चिन्हं छापलेली नमुना मतपत्रिका हातात देतो. मतदाराने खूण करायची, घडी घालायची आणि सोबत आणलेल्या पेटीत टाकायची. शेजारी उंबऱ्यात उभे असले तरी मत गुप्त राहतं.

आता अशी यादी घेऊन दिघ्यात फिरणाऱ्याची कल्पना करावी. यादीच्या पानावर तीस चौकटी. प्रत्येकीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. घर क्रमांकाच्या जागी नुसती आडवी रेघ असली, की ईश्वरनगरच्या चढावर किराणा दुकानदाराला विचारण्यावाचून गत्यंतर नाही. खोली सापडली तरी माणूस टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला असतो, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला. २०१५मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिघ्यातल्या अनधिकृत इमारतींवर हातोडा पडला. अशा ठिकाणी माणूस दुसरीकडे गेला, तरी नाव जुन्याच यादीत राहू शकतं.

वेळ थोडा असला, की इथेच मोह होतो. हा नाही भेटला, तर शेजारच्या खोलीतल्याला विचारून टाकू! संख्या पुरी होते, पण दिवसा घरी असणाऱ्यांचीच मतं गोळा होतात: म्हातारी माणसं, घरकाम सांभाळणाऱ्या बायका, दुकानदार. म्हणून शिस्तीच्या पाहणीत बदली माणूस चालत नाही. सुरुवातीलाच जास्त नावं काढतात आणि न भेटलेल्याकडे पुन्हा जातात.

ही दुसरी फेरी किती मोलाची, ते अमेरिकेत २००८मध्ये दिसलं. तिथे राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षाचा उमेदवार राज्याराज्यांतल्या प्राथमिक निवडणुकांमधून ठरतो. न्यू हॅम्पशायरमध्ये ८ जानेवारीच्या मतदानाआधी चाचण्यांच्या सरासरीत बराक ओबामा सुमारे आठ टक्क्यांनी पुढे होते. जिंकल्या हिलरी क्लिंटन, जवळपास तीन टक्क्यांनी. जनमत अभ्यासकांच्या अमेरिकी संघटनेने चौकशी समिती नेमली. अनेकांनी शेवटच्या घटकेला मन ठरवलं, हे एक कारण पुढे आलं. दुसरं कारण दिघ्यासाठी महत्त्वाचं. ज्यांना गाठायला जास्त खटपट पडली, त्यांचा कल क्लिंटन यांच्याकडे अधिक दिसत होता, आणि बहुतेक मुलाखती पहिल्या-दुसऱ्या फोनलाच उरकल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्यांदा फोन लावायला दिवस तरी कुठे होते? त्याआधी कौल दिलेल्या आयोवा राज्याचा निकाल लागून जेमतेम पाच दिवस झाले होते.

तेव्हा वाचकाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: इलठणपाड्यात कोणी आलं नाही, यावरून चाचणी खोटी ठरत नाही. पण इलठणपाड्यासारख्या वस्तीचं केंद्र निवडून तिथल्या पाळीवाल्यांना गाठलंच नसेल, तर दहा हजारांचा आकडा कितीही भारदस्त वाटो, तो घरबसल्यांचा कौल होतो. चाचणी छापणाऱ्यांनी नमुन्याच्या संख्येबरोबर किती नावं काढली, किती भेटली आणि किती वेळा दार ठोठावलं, एवढं तरी छापावं.

एक गट मात्र यातूनही निसटतो. दिघ्यात राबणारे, पण मतदार यादीत गावाकडेच नाव असलेले. इथल्या यादीत ते नाहीत आणि तिकडे चाचणीवाला दारावर गेला, की ‘मुंबईला असतो’ एवढंच उत्तर मिळतं. मतदानाला मात्र यातले कित्येक गाडी करून गावी जातात. त्यांचा माग घेण्याचे काय उपाय आहेत, ते पुढच्या आठवड्यात पाहू. टक्केवारी आणि जागांचं गणित त्याच्यानंतर.