बागेंतील आगगाडी व तिची खडी

आपल्या सोलापूर जिल्ह्यांत कुर्डुवाडीहून बार्शीस जाणारी बार्शी लाईट रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंजिनियरानें तिच्या रुळांतील अंतर अवघें २ फूट ६ इंच ठेविलें होतें. तो मार्ग आतां ब्रॉडगेज झाला आहे. तथापि तिच्यासारखी चिमुकली गाडी बागेंत चालवावी, अशी हौस आम्हांस झाली.

कुंभारी येथील बागेंतल्या काळ्या मातीवर आम्हीं ४५ मिलिमीटर अंतराचे रूळ तसेच मांडिले. पहिल्याच पावसांत माती फुगली, रूळ वेडेवांकडे झाले व इंजिन कलंडलें. दोष रुळांचा नव्हे, पायाचा होता. काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते.

मग आम्हीं वीतभर खोल चर खणिला, तळाशीं मुरूम ठोकून बसविला व वर काळ्या दगडाची बारीक खडी पसरली. नदीची गोल वाळू येथें उपयोगी नाहीं. तिचे कण घसरतात. फोडलेल्या खडीचे कोन एकमेकांत अडकून रूळ जागीं धरितात, भार पसरवितात, आणि फटींतून पाणी निघून जातें. खडी स्लिपरांखालीं व बाजूंस ठासावी; रुळांच्या माथ्यावर मात्र येऊं देऊं नये.

वाळूवर बांधिलेल्या घराचा दृष्टांत आम्हीं वर्गांत पुष्कळदां सांगितला आहे. ह्या चरांत गुडघे टेकल्यावर तो आम्हांस नव्यानें समजला.