पंधरा फासे, दोन हिट

4, 6, 2, 5, 3, 6.
5, 3, 2, 6.
4, 1, 6, 5, 4.

रात्री पावणेबाराला माझ्या लॅपटॉपवर हे आकडे उमटले आणि त्याच मिनिटाला दोन ईमेल सुटले, एक मला, एक स्टुटगार्टमधल्या मित्राला. तो ऑफिसातून घरी परतत होता. अर्ध्या मिनिटात व्हॉट्सॲपवर त्याचा निरोप आला: ‘अरेरे.’ पुढं काही नाही. पंचवीस वर्षांची मैत्री असली की एवढ्या एका शब्दातला आनंद ओळखू येतो.

हे आकडे म्हणजे कॉकेशसवर चालून गेलेलं माझं जर्मन सैन्य. खेळ ‘ॲक्सिस अँड अलाईज’, दुसऱ्या महायुद्धावरचा. लॅरी हॅरिस यांनी रचलेला हा पटावरचा खेळ 1984 साली मिल्टन ब्रॅडली कंपनीनं मोठ्या खोक्यात घालून बाजारात आणला. आम्ही खेळतो ते ‘ट्रिपल-ए’ नावाच्या फुकट प्रोग्रामवर, कोणालाही उघडून बघता येईल अशा ओपन सोर्स जातीतल्या. तो आपली चाल करतो, फाईल मला पाठवतो. मी माझी करून परत पाठवतो. एक डाव संपायला दोन-अडीच महिने लागतात. या नकाशावर आपला अख्खा हिंदुस्थान म्हणजे एक तुकडा, किंमत तीन. पायदळाच्या एका शिपायाचीही किंमत तीनच. कॉकेशसची चार. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा जरा लागलं होतं, आता सवय झाली.

लढाईचा नियम लहान मूलही शिकेल. प्रत्येक सोंगटीला हल्ल्याचा एक आकडा आणि बचावाचा एक. पायदळ हल्ल्यात 1, बचावात 2. तोफ दोन्हीकडे 2, शिवाय शेजारच्या एका शिपायाचा हल्ला 1 वरून 2 वर नेते. रणगाडा 3 आणि 3. लढाऊ विमान हल्ल्यात 3, बचावात 4. प्रत्येक सोंगटीसाठी एक फासा. तिच्या आकड्याइतकं किंवा त्याहून कमी दान पडलं की हिट, म्हणजे समोरच्याची एक सोंगटी गेली. कोणती जाणार ते ज्याची गेली तो ठरवतो. आणि मेलेला मरण्याआधी आपला फासा टाकून जातो. दोन्ही बाजूंचे फासे एकाच फेरीत मोजले जातात.

कॉलेजात असताना होस्टेलच्या खोलीत हा खेळ आम्ही खऱ्या फाशांनी खेळायचो. खोक्यात एक लांबट पुठ्ठा असायचा, त्यावर 1, 2, 3, 4 असे रकाने. ज्या सोंगटीचा जो आकडा त्या रकान्यात ती मांडायची आणि रकान्यागणिक फासे टाकायचे. मूळ फासे हरवलेले. त्यांच्या जागी सापशिडीच्या डब्यातले, कोपरे झिजलेले फासे आले. कॉटखाली गेलेला फासा धरायचा की नाही यावरून एकदा पहाटे तीनपर्यंत भांडण चाललं होतं. रेक्टरनं दार वाजवलं तेव्हा मॉस्को कोणाचं होतं ते अजून ठरायचं आहे.

ईमेलमधल्या ओळी म्हणजे त्याच पुठ्ठ्यावरचे रकाने. माझ्याकडे आठ शिपाई, दोन तोफा, तीन रणगाडे, दोन विमानं. सहा शिपायांना नुसता एक पडायला हवा होता: पहिली ओळ. तोफांबरोबरचे दोन शिपाई आणि खुद्द दोन तोफा, यांना दोनपर्यंत: दुसरी ओळ. रणगाडे आणि विमानं, तीनपर्यंत: तिसरी ओळ. सगळ्या आकड्यांची बेरीज 29. तिला सहानं भागलं की सरासरी किती हिट पडायला हवेत ते कळतं, पावणेपाचच्या थोडं वर. समोर सात शिपाई, दोन तोफा, एक रणगाडा, एक विमान. बचावाची बेरीज 25, म्हणजे चारच्या थोडं वर. हल्ल्याआधी मी प्रोग्राममधल्या गणकाला विचारलं होतं. तो तीच लढाई स्वतःशी शेकडो वेळा लढून बघतो आणि शंभरात किती वेळा जिंकाल ते सांगतो. त्यानं नव्वदच्या पुढचा आकडा दाखवला. मी चहाचा कप बाजूला ठेवला, तळहात एकमेकांवर चोळले (का, ते विचारू नका, फासा माझ्या हातात नव्हताच) आणि बटण दाबलं.

पंधरा फाशांत दोन हिट. दुसऱ्या ओळीतला तो 2 आणि तिसऱ्या ओळीतला 1. बाकी सगळे हवेत.

मग त्याचे आले. दोनच्या रकान्यातले नऊ: 2, 1, 6, 2, 5, 1, 3, 2, 6. पाच हिट. रणगाड्याला 3. हिट. विमानाला 2. हिट. एकूण सात. दोन्हीकडचे आकडे इतके वाकडे एकाच फेरीत पडायचा योग दीड-दोनशे लढायांत एखादा.

सात शिपाई काढून ठेवले. शिपाई पहिले द्यायचे असतात. त्यांना आम्ही ‘चारा’ म्हणतो. महागाचं सैन्य वाचवायला स्वस्तातलं पुढं. कागदावर लिहिताना हा शब्द ओंगळ वाटतो, खेळताना वाटत नाही. उरले एक शिपाई, दोन तोफा, तीन रणगाडे, दोन विमानं. आठ सोंगट्या, बेरीज 21. त्याच्या नऊ सोंगट्या, बेरीज 21.

पडद्यावर दोन बटणं होती. पुढची फेरी, किंवा माघार.

फाशांचा खेळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं फासा टाकण्याचा क्षण येतो. त्या क्षणी खेळाडूला काहीच काम नसतं. काम दान टाकण्याआधी असतं आणि नंतर. किती चारा बरोबर न्यायचा, हे आधीचं. पडलेलं दान बघून आता पुन्हा नव्यानं हिशेब मांडायचा की जुन्याच हिशेबाला धरून बसायचं, हे नंतरचं. मी गणकाला दुसऱ्यांदा विचारलं नाही. नव्वद हा आकडा डोक्यात बसला होता आणि तो पंधरा सोंगट्यांचा होता, आठ सोंगट्यांचा नव्हे, हे कळत असूनही वळत नव्हतं. शिवाय पोटात एक जुनी समजूत: इतकं वाईट पडलं, आता चांगलं पडेल. पहिल्या फेरीत पडायचे राहिलेले हिट कुठंतरी साठले आहेत आणि आता चुकते होतील, असं काहीतरी. फाशाला उधारी ठाऊक नाही, हे मी स्वतः दहा जणांना समजावून सांगितलेलं आहे.

मी पुढची फेरी घेतली. माझे तीन हिट, त्याचे चार. सरासरीप्रमाणे दोघांचेही साडेतीन यायला हवे होते, म्हणजे फाशांनी या वेळी काहीच वेडंवाकडं केलं नाही. माझे दोन रणगाडे आणि दोन विमानं उरली तेव्हा कुठं मी माघारीचं बटण दाबलं. हिशेब: आठ शिपायांचे 24, दोन तोफांचे 8, एका रणगाड्याचे 6, माझे 38 गेले. त्याचे पाच शिपाई गेले, 15.

‘सर्व्हर बिघडलाय,’ मी लिहिलं.

‘सर्व्हर ठीक आहे. चारा कमी आणलास,’ त्याचं उत्तर.

सर्व्हरवर संशय घेणं ही या खेळातली सर्वांत जुनी रीत. फासे माझ्या लॅपटॉपवर पडले असते तर मी वाईट दान पडल्यावर प्रोग्राम बंद करून, मघाची फाईल उघडून, पुन्हा टाकले असते. तोंडानं नाही म्हणेन, पण रात्री पावणेबाराला कोण बघतंय? म्हणून फासे तिसऱ्याच ठिकाणी पडतात. प्रोग्राम दूरच्या सर्व्हरला सांगतो, इतके फासे हवेत. सर्व्हर आकडे काढतो आणि दोघांनाही एकाच वेळी मेल करतो. मी शंभर वेळा फाईल उघडली तरी मित्राच्या मेलपेटीत शंभर नोंदी दिसतील. फाशांची हमी यात फारशी नाही. माझ्याकडून लबाडी होऊ नये याची आहे.

तरी लोकांचं समाधान होत नाही. ईमेलवरून असे खेळ चालवणाऱ्या एका साइटकडे फाशांबद्दल इतक्या तक्रारी आल्या की 2009 साली तिच्या मालकानं सात फूट उंचीचं यंत्रच बांधलं, ‘डाइस-ओ-मॅटिक’. खरेखुरे फासे पट्ट्यावरून वर चढतात, खाली गडगडतात, कॅमेरा त्यांचे ठिपके वाचतो. दिवसाला तेरा लाखांवर दानं. मला त्या माणसाबद्दल आदर आहे, पण त्याचा इलाज रोगावरचा नव्हता. वाईट दान पडलेला माणूस यंत्र बघून गप्प बसत नाही. आमच्या प्रोग्राममध्ये आजवरच्या फाशांची आकडेवारी बघायची सोय आहे. प्रत्येक डावात कधीतरी मी ती उघडतो, माझ्यावर अन्याय झाल्याचा पुरावा सापडेल म्हणून. सरासरी साडेतीनला चिकटलेली असते. मला मात्र शेवटच्या डावातले सहाच आठवतात.

संगणकावरचे खेळ बनवणाऱ्यांना माणसाची ही खोड चांगली ठाऊक आहे. ‘सिव्हिलायझेशन’वाले सिड मायर यांनी 2010 साली एका व्याख्यानात सांगितलं होतं की तीनास एक अशी बाजू असताना हरलं की खेळाडू चिडतात, चारात एकदा हरायचंच असतं हे त्यांना पटत नाही. जपानी ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेनं तर 2002 पासून वेगळीच युक्ती केली. पडद्यावर नव्वद टक्के लिहायचं आणि आत दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरायची, म्हणजे खरी शक्यता अठ्ठ्याण्णवच्या वर जाते. खेळाडूला वाटतं, आज फासे सरळ आहेत. हा लाड मला पसंत नाही. हरलो तर खऱ्या नव्वदनं हरलो, एवढी तरी इज्जत राहावी.

त्या दोन टोकांच्या मधला एक उपाय आमच्याच खेळात आहे, त्याला ‘लो लक’ म्हणतात. बेरजेला सहानं भागायचं, भागाकाराइतके हिट फासा न टाकताच पक्के. बाकी उरेल तेवढ्यासाठीच एक फासा. माझ्या 29 चे चार हिट पक्के आणि उरलेल्या पाचासाठी एक फासा. त्याच्या 25 चे चार पक्के, उरलेल्या एकासाठी एक. कॉकेशस त्या रात्रीच माझं झालं असतं. गेल्या वर्षी आम्ही दोन डाव तसे खेळलो. पहिला बरा वाटला. दुसऱ्यात लक्षात आलं की आम्ही दोघंही एक शिपाई जास्त नाही, एक कमी नाही असं सैन्य पाठवतोय. राखीव ठेवायला काही कारणच उरलं नव्हतं, भीतीही नव्हती. किराण्याची यादी करतो तसं युद्ध. तिसरा डाव पुन्हा फाशांवर.

पटावरच्या युद्धात फासे रुजवले ते प्रशियातल्या राइसविट्झ नावाच्या तोफखान्याच्या लेफ्टनंटनं, 1824 साली. अधिकाऱ्यांना लढाई शिकवण्यासाठी त्याच्या वडिलांनी पट तयार केला होता, मुलानं त्यात फासे आणि तक्ते घातले. तोफेचा मारा ठरल्याप्रमाणेच लागेल असं धरून चालणारा सेनापती त्याला नको असावा. अर्ध्या शतकानंतर त्याच सैन्यातल्या काहींना फासे आणि तक्ते जाचक वाटू लागले. अनुभवी पंचानंच निकाल द्यावा असं ते म्हणू लागले. ‘लो लक’चं भांडण तेव्हापासूनचं आहे.

आपल्याकडे फाशांची गोष्ट म्हटली की सगळे द्यूतसभेत जाऊन थांबतात. मला वनपर्वातला राजा ऋतुपर्ण आठवतो. रथात बसल्या बसल्या तो बेहड्याच्या झाडाकडे नुसता बघून पानं आणि फळं किती ते सांगतो. सारथी झालेला नल रथ थांबवून ती मोजून बघतो, आकडा बरोबर निघतो, आणि मग घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात तो ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या घेतो. जुने फासे बेहड्याच्या फळांचेच असत, हा आणखी एक सांधा. गंमत अशी की झाड मोजणं आणि फासे खेळणं ही कथेत एकाच विद्येची दोन रूपं आहेत. दान कसं पाडायचं हे ऋतुपर्ण सांगत नाही. मोजायचं कसं ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी मित्रानं कॉकेशसमधून युक्रेनमध्ये एक शिपाई पुढं सरकवला. एकटा, उघड्यावर. फाईल माझ्याकडे आली तेव्हा जेवणं व्हायची होती. दोन शिपाई आणि एक विमान पाठवलं तर पहिल्याच फेरीत तो मरायची शक्यता शंभरात पासष्ट. विमान परत फिरू शकतं, शिपाई गेले तर सहाचं नुकसान. तिसरा शिपाई घालावा का? घातला तर कॉकेशससमोरची फळी एकानं पातळ होते. वहीत दोन्ही बेरजा मांडल्या, पुन्हा खोडल्या. आतून हाक आली, ‘वाढलंय.’ तिसरा शिपाई घातला, तळहात चोळले, बटण दाबलं.

मेल मी फोनवर उघडतो आणि अंगठ्यानं पडदा झाकून एकेक आकडा वर सरकवतो. पत्ते पिसून झाल्यावर वडील पान असंच कोपऱ्यातून हळूहळू उघडायचे.

6. 6. 1.