खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी : महिनाभराचा सब्र हेच भांडवल

शोभेचे मासे हा आता निव्वळ हौसेचा विषय राहिलेला नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून हॉटेले आणि घरगुती निवासाच्या खोल्या वाढल्या. अशा ठिकाणी समुद्री माशांची पेटी गिऱ्हाईकाचे लक्ष वेधते. काचकाम, सुतारकाम, वायरिंग जाणणाऱ्या आपल्या तरुणांना या कामात वाव आहे. मात्र पहिली पेटी नीट समजून मांडावी.

विजयदुर्गच्या माणसाला वाटते, समुद्र दाराशी आहे, मग पाण्याचा काय खर्च? इथेच नुकसान होते. वाघोटन खाडीचे पाणी पावसाळ्यात गोडे आणि गढूळ होते. बंदरात बोटींचे तेलही असते. पाणी घ्यायचे तर पावसाळ्याबाहेर, भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखाबाहेरून घ्यावे. ते झाकून अंधारात काही आठवडे ठेवावे, मग वरचे नितळ पाणी वापरावे. हायड्रोमीटरवर १.०२३ ते १.०२५ हा आकडा यावा. पाणी विकतच्या समुद्री मिठाचेही करता येते. घरचे मीठ चालत नाही, कारण त्यात समुद्रातले इतर क्षार नसतात.

पेटी फार लहान नको. थोडे पाणी लवकर तापते आणि लवकर बिघडते. ३ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच पेटीत सुमारे १०० लिटर पाणी मावते. काच आणि रेती धरून वजन सव्वाशे किलोच्या वर जाते, म्हणून स्टँड मजबूत आणि समतळ हवा. तांब्या-पितळेची भांडी या पाण्याला लावू नयेत. तांबे पाण्यात उतरले की शंख, खेकडे, कोळंबी मरतात. साबणाचा हातही नको.

आता मुख्य गोष्ट. कोरे सुती कापड आधी भिजवतात, मग शिंपी कात्री लावतो. न भिजवता शिवलेला सदरा पहिल्या धुलाईत आटतो. पेटीचेही तसेच आहे. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एक जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट बेताचे असेल तर मासे ते सोसतात. हे जीवाणू रेतीत आणि फिल्टरच्या सिरॅमिक रिंगांवर वाढतात. त्याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. पंप चालू ठेवून कच्च्या कोळंबीचा छोटा तुकडा आत टाकावा आणि टेस्ट किटने पाणी तपासत राहावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, मगच मासा सोडावा. तोपर्यंत पेटी रिकामी दिसते आणि पैसा अडकल्यासारखा वाटतो. पण घाईने सोडलेले मासे मेले तर पैसाही जातो आणि शब्दही.

सुरुवात हॅचरीत जन्मलेल्या दोन लहान क्लाऊन माशांनी करावी. हे मासे नर म्हणूनच वाढतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो, त्यामुळे जोडी आपोआप जमते. त्यांच्या पैदाशीचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले असून तिचे मुंबईतही केंद्र आहे.

प्रवाळ आणि समुद्रघोडा मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये त्यांचा समावेश झाला. ते पकडणे किंवा विकणे गुन्हा असून त्यात तुरुंगवास होतो. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवरील आंग्रिया बँकेत प्रवाळ आहेत. ते तिथेच शोभतात.

पाणी उडून कमी झाले तर गोडे, क्लोरीन नसलेले पाणी घालावे. उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. दर पंधरवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावे. आपल्याकडे पावसात वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपल्याला माहीत आहे. पेटीतला मासाही आपल्या कैदेत असतो. त्याचे अन्न-पाणी ही आपल्यावरची अमानत आहे.

पहिली पेटी विकू नये. ती आपल्याच दुकानात एक पूर्ण पावसाळा चालवावी. त्यानंतरच गिऱ्हाईकाकडून आगाऊ रक्कम घ्यावी आणि देखभालीचा मासिक करार त्याच वेळी लेखी करावा. पेटी एकदाच विकली जाते. देखभालीची आवक, इंशाअल्लाह, दर महिन्याला येत राहील.