दुर्बिणीचं ऑपरेशन कुणाला?

‘पोट फाडू नका, दुर्बिणीतून करा,’ असं आता बायका स्वतःच डॉक्टरांना सांगतात. रास्तच आहे ते. १९८८ मध्ये अमेरिकेत हॅरी राइश यांनी पहिल्यांदा दुर्बिणीच्या साहाय्याने गर्भाशय काढलं. तेव्हापासून रक्तस्राव, दुखणं, रुग्णालयातला मुक्काम, सगळंच कमी झालं.

बेंबीपाशी एक लहान छेद घेऊन कॅमेरा आत घालतात, अवजारांसाठी बाजूला आणखी दोन-तीन छिद्रं. आत जागा व्हावी म्हणून पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे निघून जातो. थोडा मागे राहिला तर श्वासपटल चुरचुरतं आणि दुखतो मात्र खांदा, कारण दोन्हींच्या नसा मानेतल्या एकाच भागातून येतात. हे आधी कुणी सांगितलं नसेल, तर बाई उगाच घाबरते.

पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गोष्ट वेगळी निघाली. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ६३१ स्त्रियांची चिठ्ठी टाकावी तशी विभागणी करून निम्म्यांवर पोट उघडून, निम्म्यांवर दुर्बिणीने किंवा रोबोटने शस्त्रक्रिया झाली. निकाल सारखेच येतील, अशी अपेक्षा होती. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि शल्यविशारद हादरले. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ९६.५ टक्के, दुसऱ्या गटात ८६ टक्के होतं. मृत्यूही दुसऱ्या गटातच जास्त झाले.

असं का व्हावं? गर्भाशय हलवायला योनीमार्गातून जे अवजार घालतात, ते थेट गाठीवर दाबतं. त्याने पेशी सुटत असाव्यात. किंवा वायूने भरलेल्या पोटात योनीमार्ग कापताना गाठ उघडी पडत असावी. दोन्ही तर्कच आहेत. तरीही जगभरच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि या आजारात पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया पुन्हा प्रमाण ठरली. रूढ झालेली, रुग्णांना आवडणारी पद्धत पुराव्यापुढे मागे घेणं, याला मी विज्ञानाची खरी ताकद मानते.

त्याच गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग घ्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हाँगकाँगमधल्या ७६० स्त्रियांच्या चाचणीत साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात ८१.६ आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ८१.३ टक्के आलं. तिथे आजही दुर्बिणीलाच पहिली पसंती आहे.